दाताला बोन ग्राफ्ट सांगितलाय? आधी हिरड्यांचा हिशेब मांडा

डेंटिस्टनं एक्स-रे दाखवून "हाड खाली गेलंय, ग्राफ्ट करावा लागेल" असं सांगितलं की पहिला प्रश्न खर्चाचा येतो. त्याआधी विचारावं: ग्राफ्ट, म्हणजे गेलेल्या हाडाच्या जागी भरायचं हाड किंवा हाडासारखा पदार्थ, नेमका कशासाठी? या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. तोंडात असलेला दात वाचवण्यासाठी मुळालगतच्या खड्ड्यात ग्राफ्ट भरतात, ते एक. काढलेल्या दाताच्या जागी पुढे इम्प्लांट (जबड्यात स्क्रूसारखं बसवायचं कृत्रिम मूळ) बसावं म्हणून जबड्याचं हाड राखतात किंवा वाढवतात, ते दुसरं. दोन्हींचे नियम आणि लागणारा काळ निराळा आहे.

मोजणी झाल्याशिवाय काही ठरवू नका

हिरड्यांची तपासणी म्हणजे नुसतं आरशानं बघणं नव्हे. मिलीमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट सळई (प्रोब) दात आणि हिरडी यांच्या फटीत हलकेच घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात आणि आकडे तक्त्यात लिहितात. या तक्त्याचा फोटो काढून घ्या. 1 ते 3 मिमी म्हणजे ठीक. 4 मिमी आणि सळई लागताच रक्त, म्हणजे लक्ष हवं. 5 किंवा त्यापुढे फटीला 'पॉकेट' म्हणायचं. तिथे घरचा ब्रश पोचत नाही. त्याच तक्त्यात दात किती हलतो आणि दाढेच्या मुळांमधला फाटा उघडा पडलाय का, याचीही नोंद असते. सळई फाट्यातून आरपार जात असेल, तर ग्राफ्टवर फारशी आशा ठेवू नये.

फक्त एक्स-रेवरून ग्राफ्ट ठरवणं मला पटत नाही. साध्या एक्स-रेत दोन दातांमधलं हाड दिसतं. गालाकडचं आणि जिभेकडचं हाड मुळाच्या सावलीत लपतं. इम्प्लांटसाठी हाडाची रुंदी बघायची असेल तर सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन लागतो.

हे काम हिरड्यांच्या तज्ज्ञाचं, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टचं. बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस याच विषयात केलेलं असतं. पाटीवर नुसतं 'एमडीएस' असेल तर विषय कोणता ते विचारा. मुंबईत सरकारी दंत महाविद्यालय आणि नायर, शिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात बांबोळी इथल्या दंत महाविद्यालयांत हा विभाग आहे. तिथे खेपा जास्त घालाव्या लागतात, पण मोजणी सहसा पूर्ण होते आणि खर्च कमी येतो.

आधी किटण निघालं पाहिजे

हिरडीखालचं किटण काढणं आणि मूळ गुळगुळीत करणं, म्हणजे 'डीप क्लीनिंग', हे भूल देऊन एक ते चार बैठकींत होतं. त्यानंतर दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा सहा-सहा ठिकाणी मोजायचं. सूज उतरते, हिरडी मुळाला बिलगते आणि 5 मिमीचे बरेच पॉकेट 4 किंवा त्याखाली येतात. त्यांना शस्त्रक्रियाच लागत नाही. म्हणून सफाईआधीच ग्राफ्टची तारीख मिळाली, तर कारण विचारायला संकोच करू नका. एरवी ग्राफ्टचा विचार होतो तो सफाईनंतरही 6 मिमी किंवा जास्त खोली उरलेल्या जागी.

"दात साफ केले की ढिले होतात" हे घरोघरी ऐकू येतं. खरं तर हाड आधीच गेलेलं असतं. किटणाच्या थरानं दात एकमेकांना चिकटून उभे असतात. थर निघाला की खरी स्थिती कळते. काही आठवडे थंड पाणी झोंबतं, दातांमध्ये फटी दिसतात. हे अपेक्षितच आहे.

दोन गोष्टी उपचार हमखास बिघडवतात. पहिली साखर: मधुमेह असेल तर एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 7 च्या खाली आणूनच ग्राफ्टची तारीख घ्यावी. दुसरी तंबाखू. मिशरीनं हिरड्या घट्ट होतात हा समज अजून पुसलेला नाही. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणून रोग उशिरा कळतो आणि ग्राफ्ट फसण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त असतं. तंबाखू सोडायची तयारी नसेल तर ग्राफ्टवर पैसे घालू नयेत, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

खड्ड्याचा आकार सगळं ठरवतो

सफाईनंतरही पॉकेट खोल उरलं आणि हाडातला खड्डा उभा, 3 मिमी किंवा त्याहून खोल असेल, तर ग्राफ्टला अर्थ आहे. त्यातही खड्ड्याला हाडाच्या किती भिंती शिल्लक आहेत ते महत्त्वाचं. तीन बाजूंनी भिंत असलेल्या कोनाड्यात ठेवलेली वस्तू जागेवर राहते, तसे तीन भिंतींच्या अरुंद खड्ड्यात ग्राफ्टचे कण टिकतात आणि आजूबाजूच्या हाडातून रक्तवाहिन्या त्यांच्यात शिरतात. एकच भिंत उरली असेल तर भरवसा कमी. आणि सगळ्या दातांभोवतीचं हाड सारखंच खाली गेलं असेल, तर वर रचलेला ग्राफ्ट राहायला जागाच नसते. "सगळ्या दातांना ग्राफ्ट करू" असं कुणी म्हणालं तर दुसरं मत घ्या.

शस्त्रक्रियेत हिरडी उघडून खड्ड्यातली सुजलेली पेशीजाळी खरवडतात, मूळ साफ करतात, कण भरतात आणि बऱ्याचदा वर पातळ पडदा (मेम्ब्रेन) ठेवून टाके घालतात. पडद्याचं कारण असं: हिरडीच्या पेशी हाडापेक्षा फार वेगानं वाढतात आणि अडवलं नाही तर खड्ड्यात आधी त्याच उतरतात. कण काठोकाठ ठासून भरले तर रक्त आत झिरपत नाही आणि हिरडी ताणल्याशिवाय मिटत नाही. मग टाके उसवतात.

भरतात ते काय?

ग्राफ्ट चार प्रकारचा असतो: तुमच्याच जबड्यातून काढलेलं हाड, दात्याचं प्रक्रिया केलेलं मानवी हाड (मुंबईत टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेत असा ग्राफ्ट तयार होतो), प्राण्याचं हाड, बहुधा गाईचं, आणि हायड्रॉक्सीअपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा बायोअ‍ॅक्टिव्ह ग्लाससारखे कृत्रिम पदार्थ. पडदेही गाईच्या किंवा डुकराच्या कोलॅजनचे असतात. श्रद्धेमुळे यातलं काही चालत नसेल तर आधीच सांगा; पर्याय मिळतो. विचारल्याशिवाय सगळेच डॉक्टर हे सांगतात असं नाही.

एका दातापुरता साधारण पाव ते अर्धा ग्रॅम पुरतो. कण पाव ते एक मिलीमीटरचे असतात. बाटलीवरचा बॅच नंबरचा स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या. स्वतःचं रक्त फिरवून काढलेली पीआरएफची गुठळी जखम भरायला मदत करते, पण ती एक-दोन आठवड्यांत विरते. मोठ्या खड्ड्यात ती हाडाची जागा घेत नाही.

दात काढायचाच असेल तर

ग्राफ्टची चर्चा दात काढण्याआधी करा. काढल्यावर वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळपास निम्म्यानं घटू शकते आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. इम्प्लांट लावायचं असेल तर त्याच वेळी खाच भरून ठेवणं फायद्याचं. मग 4 ते 6 महिने थांबायचं. वरच्या दाढेजवळ सायनसचा (गालाच्या हाडातल्या पोकळीचा) तळ उचलून हाड भरलं तर बहुधा 6 ते 9 महिने. अक्कलदाढ काढली असेल किंवा कवळीच बसवायची असेल तर सहसा ग्राफ्टची गरज नसते.

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेलं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन, अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी, हे आधीच सांगायलाच हवं. जबड्याचं हाड मरण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनानं बंद करू नका. ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं.

पहिले पंधरा दिवस

पहिले 24 तास थुंकायचं नाही, खळखळून चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही. ओढ बसली की रक्ताची गुठळी आणि कण दोन्ही निघतात. गालावर बाहेरून बर्फ, 10-15 मिनिटं ठेवून तेवढीच विश्रांती. दुसऱ्या दिवसापासून 0.2 टक्के क्लोरहेक्सिडीन, 10 मिली, दिवसातून दोनदा, मिनिटभर तोंडात नुसतं घोळवायचं. टूथपेस्ट आणि त्यात अर्धा तास अंतर ठेवा, नाहीतर औषधाचा परिणाम घटतो. दातांवर तपकिरी डाग पडतात, चहानं आणखी वाढतात. ते नंतर पॉलिशनं जातात.

जेवणात गार वरण-भात, मऊ खिचडी, दही. भाकरी, चिवडा, शेंगदाणे, तिळाची चटणी नको. बारीक कण टाक्यांत अडकतात. त्या जागी डॉक्टर सांगेपर्यंत ब्रश लावायचा नाही. टाके बहुधा 7 ते 14 दिवसांत काढतात.

सुरुवातीला मिठासारखे दोन-चार कण तोंडात आले तर घाबरू नका. रोज येत राहिले, पडदा उघडा दिसला, तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढली, पू किंवा ताप आला, किंवा भूल उतरून दिवस गेला तरी ओठ बधिर राहिला, तर त्याच दिवशी फोन करा.

दात वाचवण्यासाठी भरलेल्या ग्राफ्टची जागा सहा महिने तरी सळईनं मोजू देऊ नका. नवी जोडणी कोवळी असते. एक्स-रे सहा महिने ते वर्षानं. सफाई मात्र दर तीन महिन्यांनी, आणि घरी दातांच्या फटींत रोज इंटरडेंटल ब्रश. ब्रश फटीत किंचित अडून जाईल एवढ्या जाडीचा हवा. सैल सरकला तर मुळाची बाजू साफ होत नाही, म्हणून फटीनुसार दोन मापांचे ब्रश ठेवायची तयारी असू द्या.