सूत्र एकदाच वाचा: पायथनमध्ये इव्हॅलचा वेळ नेमका जातो कुठे

लासलगाव किंवा पिंपळगावच्या कांदा लिलावासाठी हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर लिहिताना कपातीचे नियम कोडमध्ये पक्के करता येत नाहीत. ते बदलत राहतात. मग सूत्र डेटाबेसमध्ये मजकूर म्हणून ठेवलं जातं:

वजन * भाव - वजन * (हमाली + तोलाई)

पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे हे सूत्र जसंच्या तसं इव्हॅलला, म्हणजे मजकुरातलं सूत्र चालवून उत्तर देणाऱ्या पायथनच्या फंक्शनला, देता येतं. दर ओळीला इव्हॅल केलं की पट्टी बरोबर येते, पण लाखभर नोंदींचा अहवाल काढताना प्रोग्रॅम रेंगाळतो.

दोष गुणाकार-वजाबाकीचा नाही. इव्हॅलला मजकूर दिला की पायथन दर वेळी त्याचे तुकडे पाडतो, वाक्यरचनेचं झाड बांधतो, बाइटकोड (पायथन प्रत्यक्ष चालवतो त्या सूचना) तयार करतो आणि मग कुठे हिशोब करतो. एवढ्या सूत्राला पहिल्या तीन कामांत काही मायक्रोसेकंद ते वीसेक मायक्रोसेकंद जातात, प्रत्यक्ष हिशोबाला एकापेक्षा कमी. आपल्या मशीनवर टाइमइट (वेळ मोजायचं पायथनचं साधन) लावून दोन्ही वेगळे मोजा. हजार ओळीच असतील तर फरक जाणवणारही नाही, तिथे हात लावू नका.

पहिला उपाय: सूत्र कंपाइल फंक्शनला ‘इव्हॅल’ मोडमध्ये द्या, मिळालेला कोड ऑब्जेक्ट (तयार बाइटकोड) जपून ठेवा आणि पुढे इव्हॅलला मजकुराऐवजी तोच द्या. इथे एक खोडी आहे. मजकुराच्या सुरुवातीची मोकळी जागा इव्हॅल स्वतः काढतो, कंपाइल काढत नाही आणि इंडेंटेशनची चूक दाखवतो. आधी स्ट्रिप करा, म्हणजे कडेची मोकळी जागा काढून टाका.

त्याहून बरा उपाय म्हणजे सूत्राचं फंक्शन करणं. सूत्र कंसात घाला, आधी ‘लॅम्डा वजन, भाव, हमाली, तोलाई:’ जोडा (लॅम्डा म्हणजे एका ओळीचं बिननावाचं फंक्शन), एकदाच इव्हॅल करा आणि मिळालेलं फंक्शन वापरा. नुसत्या कोड ऑब्जेक्टमध्ये प्रत्येक नाव डिक्शनरीत (नाव आणि किंमत यांच्या जोड्यांच्या यादीत) शोधावं लागतं; फंक्शनचे पॅरामीटर ठरलेल्या खणात असतात, म्हणून लवकर सापडतात. कंस विसरू नका, नाहीतर कुणी सूत्र दोन ओळींत लिहिलं की सगळं मोडतं.

फंक्शन साठवायला एलआरयू कॅश (जागा भरली की सर्वांत जास्त वेळ न वापरलेलं बाहेर काढणारी साठवण) सोयीची, पण तिची मर्यादा न सांगता १२८ असते. तीनशे व्यापाऱ्यांची तीनशे वेगवेगळी सूत्रं ओळीने फिरत असतील तर प्रत्येक सूत्र पुन्हा लागण्याआधीच बाहेर फेकलं जातं. कॅश असूनही उपयोग शून्य! मर्यादा ‘नन’ (म्हणजे मर्यादाच नाही) करा किंवा साधी डिक्शनरी ठेवा. आणि आकडे सूत्राच्या मजकुरात चिकटवू नका. प्रत्येक ओळीचा मजकूर वेगळा झाला की कॅश कधीच लागत नाही, नुसती मेमरी फुगते.

सूत्र चुकीचं असेल तर ते कधी कळतं, हेही पाहा. हमाली ऐवजी कुणी ‘हमली’ लिहिलं तरी कंपाइल निमूट होतं. चूक चालवल्यावरच दिसते, तीही ऐन पट्टीच्या वेळी. म्हणून सूत्र सेव्ह करतानाच नमुना आकड्यांवर एकदा चालवा. देवनागरी आकडे हा दुसरा सापळा: ‘१०’ हा मजकूर इंट फंक्शन बिनतक्रार घेतं, पण सूत्रात १० असं लिहिलं की सिंटॅक्स एरर. सेव्ह करतानाच ते बदलून घ्या.

हे सगळं, सूत्र कार्यालयातल्या जबाबदार माणसाने लिहिलं असेल तरच. वेबवरच्या फॉर्ममधून आलेलं सूत्र इव्हॅलला देऊ नका. बिल्टिन्स (पायथनची आपसूक मिळणारी फंक्शनं) रिकामे केले तरी पळवाटा उरतातच.

एवढं करूनही वेग कमी पडला, तर नोंदी सूत्रानुसार गटांत लावा आणि वजन-भावाचे अख्खे कॉलम नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचे ॲरे (आकड्यांच्या रांगा) म्हणून त्याच फंक्शनला द्या. सूत्रात एक अक्षरही बदलावं लागत नाही. मात्र त्यात ‘इफ’, ‘अँड’, ‘ऑर’ किंवा मिन-मॅक्ससारखं काही नसावं; अख्ख्या ॲरेवर ते चालत नाही.