प्रकाशाचा अर्थ असलेलं वेल्श मुलीचं नाव कसं निवडावं

मुलीला वेल्श नाव ठेवायचं आणि त्याचा अर्थ प्रकाशाशी जोडलेला हवा, एवढं ठरलं असेल तर इंटरनेटवरच्या नावांच्या याद्या आधी बंद करा. पांढरा रंग, चांदी, बर्फ, चंद्र, मोती असं सगळं तिथे 'प्रकाश' या एकाच रकान्यात कोंबलेलं असतं, आणि एका यादीतली चूक दुसरी जशीच्या तशी उतरवून घेते. जुनी वेल्श नावं बरीचशी दोन शब्द जोडून झालेली आहेत. ते दोन शब्द वेगळे करता आले की यादीची गरज उरत नाही.

१. कोणता प्रकाश हवा ते ठरवा

ऊन, पहाट, तारा की नुसता उजेड? वेल्समधल्या कार्डिफ किंवा स्वॉन्झीत राहणाऱ्या मराठी घरात आजीचं नाव पुढे न्यायचं असेल तर हे लगेच ठरतं. आजी उषा असेल तर ग्वाउर (पहाट), तारा असेल तर सेरेन (तारा), प्रभा असेल तर निया. निया हे आयरिश 'नीव' या नावाचं वेल्श रूप आहे. अर्थ तेज, झळाळी.

२. नाव फोडून बघा

खरं काम इथे आहे, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

प्रकाशाचे मूळ शब्द मोजकेच आहेत. 'ल्है' हा उजेडासाठीचा जुना शब्द. त्याच्यापासूनच 'गोलाइ', म्हणजे आजच्या वेल्शमधला प्रकाश, आणि 'ल्हैआद', म्हणजे चंद्र. 'हाइल' म्हणजे सूर्य, 'टेस' म्हणजे उन्हाची ऊब, 'क्लाइर' म्हणजे लख्ख, 'टान' म्हणजे आग. नावात यांपैकी एकही सापडत नसेल आणि ते ग्वाउर, सेरेन किंवा नियाही नसेल, तर यादीतल्या अर्थावर विश्वास ठेवू नका.

एक नियम पाठ करा, नाहीतर मूळ शब्द समोर असूनही ओळखू येणार नाही. वेल्श स्पेलिंगमध्ये शब्दाच्या शेवटी 'ए-यू' (au) ही जोडी असेल आणि पुढे दुसरा शब्द जोडला, तर ती 'ई-यू' (eu) होते आणि उच्चार मराठी 'ऐ'सारखा होतो. म्हणून हाइलचं (haul) हैल्वेन (heulwen, सूर्यप्रकाश), गोलाइचं (golau) गोलैदिद् (उजळ दिवस). वेल्सच्या नकाशावर दीपगृहाशेजारी 'गोलैदी' लिहिलेलं दिसेल, तेही याच नियमाने: उजेडाचं घर.

आता 'वेन'. सगळ्यात जास्त फसवणूक याच शेपटामुळे होते. हा मूळचा शब्द 'ग्वेन'. जोडशब्दात सुरुवातीचा ग गळतो. अर्थ पांढरी, गोरी, पवित्र. प्रकाश नाही. ओल्वेनमधला 'ओल' म्हणजे पाऊलखूण. जुन्या कथेत ती जिथे पाऊल टाकते तिथे पांढरी क्लोव्हर (तीन पानांची रानवनस्पती) उगवते. नाव सुंदर आहे, पण ते प्रकाशाचं नाव नव्हे. ब्रानवेन, केनवेन, आयर्वेन यांचंही तेच. वेनच्या आधी प्रकाशाचा शब्द असेल तरच नाव धरा: हैल्वेन, ल्हैवेन, टानवेन (शुभ्र आग), क्लाइर्वेन. शेवटचं मध्य वेल्समधल्या एका नदीचंही नाव आहे.

शेवट 'वेन' आहे की 'विन', हे डोळ्यात तेल घालून बघा. ग्विन पुल्लिंगी, ग्वेन स्त्रीलिंगी. वेल्सबाहेर ब्रॉनविन हे सर्रास मुलीचं नाव म्हणून चालतं. वेल्श कानाला मात्र 'विन' मुलाचाच वाटतो. एका अक्षराची ही चूक दाखल्यावर आयुष्यभर राहते, म्हणून इथे तडजोड करू नका.

आता जी नावं प्रकाशाची वाटतात पण नाहीत ती. लिनेड हे स्पेलिंगवरून लॅटिन 'लूना'चं, म्हणजे चंद्राचं वाटतं. त्याचं जुनं रूप ऐलिनेड, आणि 'ऐलिन' म्हणजे मूर्ती, प्रतिमा. ल्हिओ हे ग्वेनल्हिअनचं लाडाचं रूप आहे. लाउरी म्हणजे लॉरा. एलेन आणि एलिन यांना याद्या बिनधास्त 'मशाल' म्हणतात, पण ज्या ग्रीक हेलनपासून ही नावं आली तिच्याच मुळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. अर्थ पक्का हवा असेल तर ही दोन्ही सोडा.

ल्हैकीचं प्रकरण उलटं आहे. हे नाव देशी मुळाचं वाटतं, पण ते लॅटिन लूसियाचं वेल्श रूप आहे. लूसियामागेही लॅटिनमधला उजेडाचा शब्दच आहे, त्यामुळे अर्थ खराच. १४व्या शतकात ल्हवेलिन गोख या कवीने ल्हैकी ल्हुइड नावाच्या स्त्रीवर रचलेलं शोककाव्य वेल्समध्ये अजून वाचलं जातं. म्हणजे नाव जुनं, खानदानी आणि अर्थालाही पक्कं. माझ्या मते या सगळ्यांत हेच सर्वात भरीव नाव आहे.

खात्री करायला वेल्श विद्यापीठाचा ऐतिहासिक कोश, 'गैरियादिर प्रिव्हस्गोल कम्री', इंटरनेटवर फुकट आहे. पूर्ण नाव टाकू नका, फोडलेले तुकडे टाका. आणि 'वेन' नको, 'ग्वेन' शोधा. कोशात मूळ रूपच असतं. नाव गावांच्या किंवा संस्थांच्या पाटीवर बदललेलं दिसलं तर गोंधळू नका. वेल्समधल्या केरेडिगियन परगण्यातल्या बेटूस लैकी गावात ल्हैकीचं लैकी झालंय आणि १९६७ साली बाला या गावाजवळ सुरू झालेल्या 'मेर्खेड अ वाउर' या महिला संघटनेत ग्वाउरचं वाउर झालंय. व्याकरणाने पहिलं अक्षर मऊ झालंय, एवढंच. दाखल्यावर मूळ रूपच लिहायचं.

३. मोठ्याने म्हणा

सेरेन, टेस्नी ('टेस'पासून), निया, हैल्वेन मराठी जिभेला सोपी आहेत. सेरेनमधला र आपल्यासारखाच खणखणीत, दोन्ही ए ऱ्हस्व. जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. ग्वाउर एका दमात, एकच अक्षर असल्यासारखं.

अडचण दोन एल जोडून लिहितात त्या ध्वनीची. इथे मी तो 'ल्ह' असा लिहिलाय, पण तो कोल्ह्यातला ल्ह नाही. जीभ ल म्हणायला ठेवतो तिथेच टेकवा, आवाज बंद करा आणि नुसती हवा सोडा. हवा जिभेच्या कडांवरून निघून गालाच्या आतल्या बाजूला लागली पाहिजे. गळ्यावर बोट ठेवा: कंप जाणवला तर चुकलं. 'श्ल' ऐकू आलं तर जिभेचं टोक सुटलंय. 'क्ल' आलं तर जिभेची मागची बाजू टाळूला लागतेय. सरावाला गावांची नावं घ्या, ल्हानेल्ही, ल्हानदिद्नो. हा ध्वनी रोज काढायची घरात कोणाचीच तयारी नसेल तर ल्हैकी आणि ल्हैवेन ठेवू नका. वेल्सची हद्द ओलांडली की ल्हैकीचं 'लूकू' होतं, आणि मुलीला ते जन्मभर दुरुस्त करत बसावं लागतं.

४. नावामागची गोष्ट वाचा

गोलैदिद् ही जुन्या कथेतली राणी. गरोदरपणी वेड लागून ती घराबाहेर भटकते, डुकरांच्या कळपाला घाबरून तिथेच बाळंत होते आणि पुढे लवकरच मरते. आरियानऱ्होद ही दुसऱ्या जुन्या कथेतली, ती आपल्याच मुलाला नाव द्यायला नकार देते. शिवाय तिच्या नावाचा रूढ अर्थ 'चांदीचं चाक', तोही वादातला. उत्तर मुकुट या तारकासमूहाला वेल्शमध्ये तिचा किल्ला म्हणतात, म्हणून ती प्रकाशाच्या यादीत घुसली. नाव ठेवायला हरकत नाही, पण हे माहीत असून ठेवा.

५. दोन्हीकडच्या आजीआजोबांना म्हणायला लावा

फोनवर, न शिकवता. ग्वाउरचा मराठी तोंडात 'गवार' होतो आणि शाळेच्या सुट्टीत गावी आलेल्या मुलीला भावंडं शेंगांच्या नावाने चिडवतात. उषा आजीसाठी पहाट हवीच असेल तर ग्वाउर मधलं नाव करा आणि हाक मारायला टेस्नी किंवा सेरेन ठेवा. सेरेन वेल्समध्ये बरंच लोकप्रिय आहे, वर्गात दुसरी सेरेन निघू शकते. टेस्नी त्या मानाने कमी ऐकू येतं.

६. नोंदणी

जन्मापासून ४२ दिवसांच्या आत. वेल्समध्ये इंग्रजीबरोबर वेल्शमध्येही नोंद करता येते; ती मागून घ्या. स्पेलिंग कागदावर लिहूनच न्या. 'टान' (tân, आग) या सुट्या शब्दातल्या ए (a) अक्षरावर टोपी असते, टानवेन लिहिताना ती येत नाही.