कड्यासमोर उभं राहून जुनी नदी आणि जुनं तळं कसं ओळखायचं

कड्याशी पोचलात की लगेच हातोडी काढू नका. आधी चाळीस-पन्नास पावलं मागे या आणि अख्खा कडा नजरेत घ्या. मी पहिली वीस मिनिटं फक्त चित्र काढते. कुठला थर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जातो, कुठला मधेच निमुळता होत संपतो, कुठे वरचा थर खालच्याला कोरून आत उतरलाय, एवढंच त्या चित्रात असतं. नदीचं पात्र जवळून ओळखताच येत नाही. तळाशी वक्र आणि माथ्यावर सपाट असा वालुकाश्माचा पट्टा लांबूनच डोळ्यांत भरतो. तळ्यातला गाळ मात्र जाडी फारशी न बदलता दूरवर पसरलेला असतो.

मग जवळ जा आणि तळापासून वर मोजत चला. टेप, दहापट भिंग, होकायंत्र, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली आणि वही एवढं पुरतं. प्रत्येक थराची जाडी लिहा, मग कणांचा आकार, खालच्या थराशी असलेली सीमा, आतली रचना, जीवाश्म आणि सगळ्यांत शेवटी रंग. रंग मी मुद्दाम शेवटी ठेवते. तो आधी लिहिला की मन ठरवून मोकळं होतं: लाल म्हणजे कोरडं, काळं म्हणजे खोल पाणी. पण लोहाच्या ऑक्साइडची लाली गाळ पुरला गेल्यावरही चढू शकते.

कणांसाठी भूवैज्ञानिक वेंटवर्थ यांची 1922 सालची मोजपट्टी आजही वापरतात. 2 मिलिमीटरच्या वर खडे-गोटे, तिथून 1/16 मिलिमीटरपर्यंत वाळू, त्याखाली सिल्ट आणि 1/256 च्या खाली चिकणमाती. सिल्ट आणि चिकणमाती भिंगातूनही वेगळ्या दिसत नाहीत. कपची दातांवर हलकेच घासा. कचकच लागली तर सिल्ट, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती.

गोट्यांचा थर लागला तर घाई करू नका. गोटे कौलांसारखे एकमेकांवर रेललेले आहेत का, हे बघा. वाहत्या पाण्यात चपटे गोटे प्रवाहाच्या वरच्या बाजूला कलून स्थिरावतात. त्यांची गोलाईही बोलकी असते. 2012 मध्ये क्युरिऑसिटी यानाला मंगळावरच्या गेल विवरात असेच घासून गोल झालेले गोटे खडकात रुतलेले दिसले. ते वाऱ्याने उचलून आणावेत एवढे लहान नव्हते, म्हणजे तिथे कधीकाळी ओढा वाहत होता. ना शंख, ना मूळ, ना पान, तरी पाण्याची साक्ष निघाली, म्हणून हे उदाहरण मला फार प्रिय आहे.

नागमोडी नदीचा क्रम एकदा ओळखता आला की विसरत नाही. तळाशी खरवडलेली सीमा, तिच्यावर काठावरून ढासळलेल्या चिखलाचे तुकडे, मग तिरप्या थरांची (म्हणजे थराच्या आतच तिरक्या रेघा दिसणारी) जाड वाळू, वर बारीक लहरी असलेली बारीक वाळू आणि माथ्यावर पूरमैदानाचा चिखल. त्या चिखलात मुळांच्या नळ्या आणि चुन्याचे खडे शोधा. खड्यांवर आम्ल फसफसतं. ते भेटले तर पूर ओसरल्यावर ती जमीन दीर्घकाळ उघडी राहिली होती. अनेक फाट्यांनी गुंफलेल्या नदीत हा चिखलाचा माथा बहुधा नसतोच, वाळू आणि गोटेच एकावर एक साचतात. अर्थात खडक फार जुना असेल तर चिखल कमी आहे एवढ्यावरून गुंफित नदी ठरवू नका. जमिनीवर वनस्पती पसरण्याआधीच्या नद्यांच्या गाळात चिखल एरवीही कमीच सापडतो.

प्रवाहाची दिशा तिरप्या थरांवरून काढतात. ते ज्या बाजूला उतरतात, त्या बाजूला पाणी जात होतं. एका वाचनावर विसंबू नका, निदान वीस-पंचवीस घ्या. सगळा खडकच कललेला असेल तर आधी तो कल वजा करा. माझ्या एका वहीत नदी बरोबर उलटी वाहिलेली आहे. दोन दिवस मी त्या नोंदींशी झगडत होते. मग लक्षात आलं की मोजलेला खडक कड्यावरून निखळून पालथा पडलेला होता. तेव्हापासून मोजण्याआधी मी दोन गोष्टी तपासते: शिळा मूळ थराला जोडलेली आहे का, आणि तिरप्या रेघांची छाटलेली टोकं वर आहेत का. खालची टोकं तळाला वळून अलगद टेकलेली असतात.

त्याच थरांवरून खोलीचाही अंदाज बांधता येतो. तिरप्या थरांच्या संचांची, म्हणजे एकत्र कललेल्या रेघांच्या एकेका पट्ट्याची, सरासरी जाडी घ्या, साधारण तिप्पट केली की पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्याची उंची मिळते. पाणी त्याच्या सहा ते दहापट खोल असतं. संच 20 सेंटीमीटरचे असतील तर उंचवटा 60 सेंटीमीटरचा आणि नदी साडेतीन ते सहा मीटर खोल. हा अंदाज ढोबळच आहे. पण मुक्या दगडातून असा आकडा निघतो तेव्हा मला अजूनही भरून येतं.

तळ्यासाठी बारीक, सलग, न मोडलेल्या पापुद्र्यांचा शोध घ्या. तळाशी प्राणवायू कमी असला की चिखल उकरणारे जीव तिथे टिकत नाहीत आणि पापुद्रे शाबूत राहतात. हिमनदीच्या पाण्यावर भरणाऱ्या तळ्यांत उन्हाळ्याचा जाडसर आणि हिवाळ्याचा बारीक गाळ अशी वर्षाला एक जोडी साचते. स्वीडनचे भूवैज्ञानिक गेरार्ड द गीर यांनी अशा जोड्या मोजून वर्षांचा हिशेब लावला. तुम्ही मात्र प्रत्येक पापुद्र्याला वर्ष समजू नका. एका पुराचं गढूळ पाणी तळाशी घसरत जाऊनही तसाच पापुद्रा टाकतं.

काठाजवळच्या वाळूत दोन्ही उतार सारखे आणि माथा टोकदार अशा लहरी दिसल्या तर त्या लाटांच्या. एक उतार लांब, दुसरा तीव्र असेल तर त्या प्रवाहाच्या. पण लाटा समुद्रातही असतात. तेव्हा जीवाश्म बघा: गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि कारा शेवाळाची इवली फळं तळ्याच्या बाजूने बोलतात, प्रवाळ किंवा समुद्री साळिंदराचे काटे असतील तर तळं खोडून टाका. पापुद्र्यांमध्ये चिखलाच्या भेगा आणि जिप्सम (पाणी आटताना मागे उरणारं खनिज) येऊ लागलं की पाणी आटत चाललं होतं.

आता थर जोडायचे. जर्मन भूवैज्ञानिक योहानेस वाल्थर यांनी 1894 मध्ये मांडलेला नियम इथे कामी येतो: जे गाळ एकेकाळी शेजारी-शेजारी साचत होते, तेच पुढे एकावर एक येतात. तळ्याच्या चिखलावर लाटांची वाळू आणि तिच्यावर नदीची वाळू असेल, तर नदीचं मुख तळ्यात पुढे सरकत होतं. मात्र मधे खरवडलेली सीमा असेल तर हा नियम तिथेच थांबतो, कारण किती गाळ वाहून गेला ते त्या रेषेत दिसत नाही. अशी रेषा मी वहीत लाल पेन्सिलीने ओढते, माती-झुडपांनी झाकलेले मीटर कोरे सोडते, आणि त्यांच्या वरचा भाग नवा तक्ता समजून पुन्हा तळापासून वाचायला घेते.