भिंत पाडून झाल्यावर इंजिनिअर शोधताय? या चुका टाळा

फ्लॅटचं काम काढलं की आधी इंटिरिअरवाला ठरतो, मग टाइल्स, मग मॉड्युलर किचन. स्ट्रक्चरल इंजिनिअरची आठवण होते ती सोसायटीने दाखला मागितल्यावर. तोवर हॉल-किचनमधली भिंत गोण्यांत भरून खाली गेलेली असते. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. ती भिंत नुसता आडोसा होती की तिच्यावर भार होता, हे ती उभी असतानाच नीट तपासता येतं.

"साडेचार इंची आहे, बिनधास्त काढा," असं मिस्त्री म्हणतो. आरसीसी, म्हणजे सळई-काँक्रीटच्या कॉलम-बीमवर उभ्या असलेल्या इमारतीत त्याचं बऱ्याचदा बरोबर निघतं, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. पण जुन्या लोड बेअरिंग इमारतीत भिंती हाच सांगाडा असतो, आणि आरसीसीतसुद्धा कॉलम भिंतीच्या जाडीत, प्लॅस्टरखाली बेमालूम दडलेला असू शकतो. घाटकोपरची साईदर्शन इमारत 25 जुलै 2017 ला कोसळली, 17 जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण चाललं होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला.

पाडण्याची निदान भीती तरी वाटते, ओझं चढवताना कुणी विचारतही नाही. राहत्या खोलीसाठी माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात. साडेचार इंची विटांची 3 मीटर उंच भिंत प्लॅस्टरसकट दर मीटर लांबीला 800 किलोच्या आसपास भरते. खाली बीम नसताना ती स्लॅबच्या मधोमध उभी करायची म्हणजे काय, याचा हिशेब इंजिनिअरकडूनच करून घ्या. जुनी फरशी तशीच ठेवून वर 50 मिमी सिमेंट-वाळूच्या मालावर नवी बसवली तरी चौरस मीटरला 100 किलोच्या वर भर पडते.

कंत्राटदार म्हणतो, "इंजिनिअर आपलाच माणूस आहे, सही करून देईल." नको. ज्याची फी कंत्राटदार देतो, तो कंत्राटदाराचं काम तोडायला सांगेल का? नेमणूक तुमची, पैसे तुमचे. इंजिनिअरचं लायसन्स महापालिकेत चालू आहे का ते बघा, आणि बिल्डरकडचे किंवा सोसायटीच्या कपाटातले जुने आरसीसी ड्रॉइंग शोधून त्याच्या हातात द्या.

बंगल्याच्या कामात घोटाळा वेगळा होतो. ड्रॉइंग चोख असतं, साइटवर येणं मात्र फीमध्ये धरलेलंच नसतं. बाल्कनीचा, भिंतीबाहेर अधांतरी आलेला स्लॅब घ्या. त्यात ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई वर हवी. काँक्रीट ओतताना मजूर त्याच जाळीवरून घमेली घेऊन फिरतात, सळई वर धरणाऱ्या लोखंडी खुर्च्या दबतात आणि सळई तळाशी जाते. वरून सगळं गुळगुळीत दिसतं आणि सेंटरिंग, म्हणजे खालचा तात्पुरता आधार, काढलं की स्लॅब वाकतो, कधी कोसळतो. म्हणून नेमणूकपत्रात लिहून घ्या: प्रत्येक स्लॅबच्या आधी सळई तपासणार आणि लेखी मंजुरी देणार. ती नसेल तर मिक्सर चालू करायचा नाही.

एसीच्या पाइपसाठी बीममध्ये भोक पाडणं ही त्यातलीच धाकटी चूक. इंजिनिअरला विचारलं तर बहुतेक वेळा भिंतीतून दुसरी वाट निघते.

आणि तोडफोड झालीच असेल तर? काम थांबवा. उघडी पडलेली किंवा कापलेली सळई प्लॅस्टरने झाकू नका, वेल्डिंगने जोडूनही टाकू नका. इंजिनिअरला ती तशीच दिसू द्या. टेकू आपल्या मनाने लावू नका. तुमच्या टेकूचा भार खालच्या शेजाऱ्याच्या स्लॅबवर उतरतो, त्यामुळे टेकू किती मजले खालपर्यंत न्यायचे हे त्यालाच ठरवू द्या. भेगा वाढत असतील किंवा दारं अचानक अडकायला लागली असतील, तर त्याची वाट बघत बसू नका. आधी वरच्या-खालच्यांसकट सगळ्यांना बाहेर काढा, मग फोन करा.