सीटच्या दांड्याचे जखडणे

सोलापुरात रोज सिद्धेश्वर तलावाकडे नेत असलेल्या माझ्या जुन्या सायकलची सीट खाली करायला गेलो, तर पोलादी चौकटीतला ॲल्युमिनियमचा दांडा जणू डाक दिल्यासारखा बसला होता. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककाकांनी सायकल उन्हात तापवायला सांगितले आणि मीही ते ऐकले. पण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावत असल्याने पकड उलट घट्टच झाली. घाम आणि पावसाचे पाणी फटीत मुरले की या दोन धातूंच्या संपर्कात ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापून दांडा जखडते.

शेवटी दांडा आवळून धरणारी कॉलर सैल करून दोन रात्री फटीत गंज सोडवणारे तेल सोडले, दांड्याभोवती फडक्यात बर्फ बांधला आणि सीटच धरून डावी-उजवीकडे पिळत राहिलो. तिसऱ्या प्रयत्नात करकर आवाज झाला आणि पिठासारखी भुकटी माखलेला दांडा बाहेर आला. तो घासून, चौकटीची नळी आतून पुसून, दोन्हींना ग्रीस लावले. आता दर तीन महिन्यांनी दांडा काढून पुन्हा ग्रीस लावतो, पावसाळ्यात त्याआधीच.