एपिथेलियल टिश्यू पाठ न करता ओळखायचा कसा

नववीत अभिस्तर ऊती आणि अकरावी सायन्सला एपिथेलियल टिश्यू, विषय तोच, पण पोरं दोन्ही वेळेला तक्ता पाठ करत बसतात आणि पेपरात घनाभ (ठोकळ्यासारख्या पेशी) कुठं न् स्तंभीय (खांबासारख्या उंच पेशी) कुठं यात अडकतात. तक्ता सोडा, त्या जागेला काम काय आहे ते विचारा, टाईप आपोआप निघतो.

आधी टिश्यू एपिथेलियल आहे का ते बघायचं. हा कायम कडेला असतो, शरीराच्या बाहेरून नाहीतर आतल्या एखाद्या नळीला किंवा पोकळीला, म्हणून पेशींची एक बाजू मोकळी दिसते. पेशी एकमेकींना खेटून, मध्ये जागा जवळजवळ नाहीच, खाली बेसमेंट मेंब्रेन, म्हणजे पेशी ज्यावर बसतात तो पातळ पडदा. रक्तवाहिन्या यात शिरत नाहीत, पोषण खालच्या संयोजी ऊतीतून झिरपत वर येतं, त्यामुळं नुसतं वरवर खरचटलं तर रक्त येत नाही.

मग दोनच प्रश्न: थर किती, आणि सगळ्यात वरच्या पेशींचा आकार कसा. एक थर म्हणजे सरल, जास्त असले की स्तरित. आकार वरच्याच थराचा बघायचा हे पक्कं लक्षात ठेवा, कारण स्तरित पट्टकीत (पट्टकी म्हणजे चपट्या पेशींची) खालच्या पेशी घनाभ किंवा उभट असतात आणि त्या बघून नाव दिलं की मार्क गेला.

आता काम. जिथून काहीतरी आरपार जायचंय तिथं एकच चपटा थर, म्हणजे सरल पट्टकी, उदाहरणार्थ वायुकोश आणि केशवाहिन्या. फुफ्फुसात हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा बऱ्याच ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो, तिथं जाड थर असता तर ऑक्सिजन पोचला असता का? जिथं घासाघीस होते तिथं स्तरित पट्टकी, त्वचेवर केराटिन या कडक प्रथिनासकट, गालाच्या आत आणि अन्ननलिकेत केराटिनशिवाय. आणि जिथं शोषायचं किंवा स्राव सोडायचाय तिथं पेशीला आत यंत्रणा ठेवायला जागा लागते म्हणून ती उंच होते: मूत्रपिंडाच्या नलिकेत घनाभ, जठर-आतड्यात स्तंभीय.

हे डोळ्यानं बघायचं असेल तर सांगली-मिरजेत कुठल्याही मटणाच्या दुकानात बोकडाच्या लहान आतड्याचा तुकडा मागा. उभा चिरून धुवायचा, बशीत पाण्याखाली ठेवायचा आणि भिंग धरायचं. आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव पाण्यात हलताना दिसते, ते विलाय. लई भारी दिसतंय! पण विलाय म्हणजे पेशी नव्हे, अशा प्रत्येक विलसवर स्तंभीय पेशींचा एक थर असतो आणि त्या पेशींच्या टोकावर मायक्रोविलाय, म्हणजे अजून बारीक बोटांसारखे उंचवटे, ते भिंगातून दिसणार नाहीत. आता वजडीतला खरखरीत भाग हातात घ्या, तो रवंथ करणाऱ्या पोटाचा, तिथं रोज कडबा-पाला घासला जातो म्हणून वर स्तरित पट्टकी. जनावर तेच, काम बदललं की अस्तर बदललं. झाल्यावर हात साबणानं धुवा.

गालाची स्लाईड शाळेत करतातच. चूळ भरा, नव्या इअरबडनं गाल आतून हळू घासा, प्रत्येकानं स्वतःचा बड स्वतःच वापरायचा. स्लाईडवर सलाईनचा थेंब, त्यात बड फिरवा, मिथिलीन ब्लू एक थेंब, मिनिटभर थांबून कव्हरस्लिप एका कडेनं तिरकी टेकवत सोडा म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत, जास्तीचा रंग फिल्टर पेपरनं टिपा. आधी १०एक्सवर फोकस, मग ४०एक्स. चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी आणि मधोमध गडद निळं केंद्रक दिसेल. पेशी सुट्या दिसतात म्हणून पोरं सरल पट्टकी लिहितात, काही नोट्समध्येही नुसतं पट्टकी एवढंच असतं. टिश्यू स्तरित आहे, आपण फक्त वरच्या सुटणाऱ्या पेशी खरडून आणल्यात.

याच पेशींवर आपल्याकडं मिशरी, गुटखा, तंबाखूचा बार दिवसभर बसलेला असतो. तोंडाचे बहुतेक कॅन्सर याच स्तरित पट्टकी पेशींपासून सुरू होतात. घरात कुणाच्या गालात पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर डॉक्टरांना दाखवाच, दुखत नाही म्हणून थांबू नका.

फसवणारे दोन राहिले. श्वासनलिकेत केंद्रकं वरखाली दिसतात म्हणून थर जास्त वाटतात, पण प्रत्येक पेशी बेसमेंट मेंब्रेनला टेकलेली असते, म्हणून ते स्यूडोस्ट्रॅटिफाइड, वर सिलिया, म्हणजे केसांसारखे हलणारे तंतू, आणि मध्ये म्युकस सोडणाऱ्या गॉब्लेट पेशी. मूत्राशयात ट्रान्झिशनल, म्हणजे ताणला जाणारा स्तरित प्रकार, रिकामं असताना वरच्या पेशी फुगीर घुमटाकार, भरल्यावर ताणून चपट्या, त्यामुळं आकृती काढताना कुठल्या अवस्थेतली ते खाली लिहा.