पेशवे दफ्तरात उन्हाळी इंटर्नशिप करायची असेल तर

आधी मोडी शिका. हे दफ्तर जिथे आहे त्या पुण्याच्या पुराभिलेखागारात गेल्यावर शिकू, असं म्हणत आलेल्यांची निम्मी सुट्टी बाराखडी गिरवण्यातच जाते. छापील पुस्तकातली मोडी वाचता येते म्हणून हुरळूनही जाऊ नका. कारकुनाचा हात ही वेगळीच गोष्ट आहे. आधी ओढलेली रेघ, तिच्याखाली बोरू न उचलता लिहिलेली अक्षरं, शब्द न तोडलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. एकाच कारकुनाची बरीच पानं सलग वाचली की त्याचा हात ओळखीचा होतो. दुसरा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला की पुन्हा श्रीगणेशा.

प्रवेशाचं म्हणाल तर माझं काम कॉलेजच्या इतिहास विभागाच्या पत्रावर झालं. जाहिरातीची वाट बघत बसू नका, स्वतः जाऊन विचारा. अर्ज परीक्षेच्या आधीच देऊन ठेवा, सरकारी टपाल आपल्याच चालीनं चालतं.

आपण जातो ते एखादं सनसनाटी पत्र सापडेल या आशेनं. हाती येतो तो हिशेब: घोड्यांचा दाणा, शिबंदीचा, म्हणजे पगारी शिपायांचा, पगार, कुठल्याशा गावचा वसूल. त्याचा कंटाळा येणार असेल तर खरंच दुसरीकडे जा. पण दफ्तराची रचना समजली की हेच कागद बोलायला लागतात. रोजकीर्द (रोजच्या नोंदी), घडणी (त्याच नोंदी खातेवार), प्रांत अजमास (प्रांतांचे हिशेब), पागा, पथके, चिटणिशी, जमाव असे विभाग आहेत. ही नावं पाठ करण्यापेक्षा कोणता कागद कुठे पडला आणि का, हे विचारत राहा. 1818 नंतर हे दप्तर कंपनी सरकारच्या ताब्यात गेलं, आणि पुढे इनाम कमिशननं त्याची छाननी केली ती इनामांचे हक्क तपासायला. साहेबाला मुलुखाच्या वसुलीशी काम होतं, पानिपतावरच्या पत्रांशी नव्हे. राजकारणाची पत्रं उजेडात आली ती पुष्कळ उशिरा, इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात निवडक कागदांचे 45 खंड काढले तेव्हा.

म्हणूनच रुमालातल्या कागदांचा क्रम कधी बदलू नका. नवख्याचा हात सगळं तारखेनुसार लावायला शिवशिवतो. पण शेजारी कोणता कागद होता, हाही पुरावाच असतो. क्रम चुकीचा वाटला तर सूचीत तशी नोंद करा, कागद मात्र होता तिथेच ठेवा.

तारखांची तयारी घरीच करा. कागदावर बहुधा शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या दफ्तरी वापरातली कालगणना, असतो, तोही अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण 1161. हा सन मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलतो, त्यामुळे इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, म्हणून ती याच 1161 मध्ये येते. महिना हिजरी असतो, आणि तारखेआधीचा ‘छ’ म्हणजे चंद्र. अंकांचे हे अरबी शब्द वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा, रोज लागतात.

वहीसोबत पेन्सिल न्या, पेन नाही. पाण्याची बाटली टेबलापासून लांब. धूळ भरपूर असते, तेव्हा मास्क हवाच. हातमोज्यांबद्दल माझं मत वेगळं आहे: जीर्ण कागदाची कड मोज्यातून कळत नाही आणि फाटते. हात धुऊन कोरडे करा, तेवढं पुरतं. दुरुस्ती विभागात बसू देत असतील तर संधी सोडू नका. काजळीची जुनी शाई उजेडानं विटत नाही, पण ओल लागली की पसरू शकते. इंग्रजी फायलींतल्या लोहयुक्त शाईची तऱ्हा उलटी, ती काळ जाईल तसा कागदच खाते. जीर्ण कागदाला आधार देणारा पातळ जपानी टिश्यू लावण्याआधी शाई का तपासतात, हे समोर बघितल्यावर डोक्यात पक्कं बसतं.

शेवटी प्रमाणपत्र मिळेल. त्यावर नुसतं ‘इंटर्नशिप पूर्ण केली’ असं असेल तर नम्रपणे बदलून मागा. कोणत्या विभागातले रुमाल हाताळले, सूची केली की स्कॅनिंगची तपासणी, दुरुस्तीत काय शिकलात, हे त्यात यायला हवं. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या एक वर्षाच्या पदविकेला अर्ज करायचा झाला, तर हाच तपशील दाखवता येतो.